शर्टातला र

१० जुलै

ती. मामा,

साष्टांग नमस्कार वगैरे तू वाचतच नाहीस, थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारतोस, म्हणून बातमी पहिल्याच ओळीत देते. मला सहावी मिळाली! चौतीस मुलं, भाषेचा विषय, आणि वर्ग असा की खिडक्या तीन पण उघडते एकच. फोनच करणार होते. पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतः रचतोस. मागच्या वेळी मी "मुलाखत आहे" म्हटलं आणि तू आईला फोन करून "मुलाकडचे कधी येणार" म्हणून विचारलंस. त्यापेक्षा पत्र बरं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पहिल्या दिवशी आशिर्वाद दिला तो असा : "सहावी म्हणजे अर्धवट वय. लहान म्हटलं तर रुसतात, मोठं म्हटलं तर शेफारतात. सांभाळा." खरंच आहे ते. वाचायला सांगितलं की एक्स्प्रेस गाडीसारखी वाचतात आणि अर्थ विचारला की सगळे छताकडे बघतात. लिहायला सांगितलं की चार ओळी. पाचवी ओळ मागितली तर "बाई, संपलं," म्हणतात.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. वर्गात एक मुलगी आहे, बारावं लागलंय. पोरं तिला गोगलगाय म्हणतात. ती एकेक अक्षर जपून वाचते, आणि रफार आला की गाडी रुळावरून घसरलीच. "पर्वत" दिसलं की "पवरत", "सूर्य" दिसला की "सूयर". मग वर्गात हशा. मग ती जी मिटते ती तास संपेपर्यंत.

मोठ्या बाईंचा नियम असा : सप्टेंबरअखेर प्रत्येकाने एक न पाहिलेला उतारा वाचायचा, मिनिटात साठ शब्द. जमलं नाही तर मूल चौथीच्या वर्गात बसणार. तिचे आत्ता वीससुद्धा होत नाहीत. मामा, तू चाळीस वर्षं छापखान्यात काढलीस, आमच्या घरातला एकटा शिकलेला माणूस तू. मला काहीतरी सांग ना. वेळ आहे तो जेमतेम अडीच महिने.

तुझी,
नवी बाई

१६ जुलै

चि. बाईसाहेबांस,

अनेक आशीर्वाद. हा शब्द नीट बघून घे. त्यातली "शी" दीर्घ आहे. तू "आशिर्वाद" लिहिलंस, तोही मोठ्या बाईंच्या नावावर खपवलास. सहावीची बाई आणि ही तऱ्हा! जाऊ दे, पहिली चूक माफ. नोकरीचं ऐकून इतका आनंद झाला की शेजारच्या घड्याळजीला बोलावून पत्र वाचून दाखवलं. मुलाकडच्यांचं मात्र लांबलं, याचं वाईट वाटतं.

आता त्या मुलीचं. र हा भारी लबाड प्राणी आहे बघ. "क्रम" मध्ये तो पायाशी लोळतो, "ट्रक" मध्ये पायाखाली बैठक मारतो आणि "पर्वत" मध्ये शेजाऱ्याच्या डोक्यावर चढून बसतो. शिवाय डोक्यावर चढलेला दिसतो नंतर आणि बोलायचा आधी. आम्ही जुळारी लोक एकेक खिळा उचलून शब्द जुळवायचो, तेव्हा रफाराचा खिळा तांदळाच्या दाण्याएवढा असायचा. नव्या माणसाचे पहिले सहा महिने तो हमखास चुकीच्या डोक्यावर जायचा. तुझी ती मुलगी डावीकडून उजवीकडे जे दिसेल ते इमानदारीने वाचते. व, मग त्याच्या डोक्यावरचा र, मग त. पवरत. वेडी नाही ती, लिपीने तिला चकवलंय.

दोन कामं कर. एक, लाल पेन ड्रॉवरमध्ये टाक आणि किल्ली हरवून टाक. मुलं चार ओळी लिहितात कारण तेवढेच शब्द त्यांना बिनचूक येतात. पाचव्या ओळीत तू लाल पेन घेऊन बसलेली असतेस. दुसरं, तिला वाचायला काय देतेस ते मला कळव. घाईने काही देऊ नकोस.

तुझ्या आईला सांग, गुडघ्याला तेल लाव, नुसती कण्हू नकोस.

मामा

९ ऑगस्ट

ती. मामा,

तू घाई करू नकोस म्हणालास आणि मी नेमकी तीच केली.

लाल पेन बंद केलं, त्याचा गुण आला. पाचवीच काय, काहींची अकरावी ओळ आली. पण गोगलगाईसाठी मी दुसरीचं पुस्तक आणलं. मोठी अक्षरं, पानभर चित्रं, बदक तळ्यात पोहते, असलं. मला वाटलं सोपं जाईल, हुरूप येईल. तिने ते दप्तराच्या आड धरून वाचायचा प्रयत्न केला. मागच्या बाकावरच्याने बघितलं आणि "क्वॅक क्वॅक" सुरू केलं. अख्खा वर्ग बदक झाला. मी डस्टर आपटला, दोघांना बाहेर काढलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिने पुस्तक मिटलं, माझ्या टेबलावर नीट आणून ठेवलं आणि जागेवर जाऊन बसली. रडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत नाही. आज आठवा दिवस.

मामा, मी खूप विचार केला. मला वाटतं मोठ्या बाईंचं बरोबर असेल. चौथीत गेली तर तिथे धडे सोपे, बरोबरीची पोरं लहान, कोणी हसणार नाही. दीडेक वर्षात पाया पक्का होईल. उद्या मी स्वतःच जाऊन सांगते की परीक्षेपर्यंत थांबूच नका, पाठवा तिला खाली. तिच्या भल्याचंच आहे ना?

तुझी,
भाची

१२ ऑगस्ट

चि. बाईसाहेब,

सांगू नकोस. सांगून झालं असेल तर परत जा आणि माझा शब्द मागे घेते म्हण.

मामा

१६ ऑगस्ट

ती. मामा,

एवढंच? तार केलीस की पत्र?

नशीब मोठ्या बाई आठवडाभर बाहेरगावी होत्या, म्हणून सांगायचं राहिलं. पण हुकूम सोडणं सोपं आहे रे. तू मॅट्रिक पास, तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यास. ज्याला वाचता येत नाही त्याचं काय होतं हे तुला काय कळणार? चौतीस मुलं आहेत माझ्याकडे. एकीसाठी किती धावू? राग मानू नकोस, पण कारण तरी सांग. तू कधी असा तुटक बोलत नाहीस.

भाची

२० ऑगस्ट

चि. बाळ,

कारण सांगतो. हे पत्र आईला दाखवू नकोस.

मी मॅट्रिक नाही. मी पाचवी अर्धी केली. घरात कोणीतरी कधीतरी "मामा मॅट्रिक" म्हणालं आणि मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्यांच्या चुका काढणारा मी, पण ही एक चूक चाळीस वर्षं तशीच छापू दिली.

पाचवीत असताना तपासणीला साहेब आले. मला उभं केलं. फळ्यावर "वर्ग स्वच्छ ठेवा" असं लिहिलेलं होतं. मी वाचलं, "वगर". साहेब हसले, म्हणून मास्तर हसले, म्हणून सगळे हसले. आठवड्याने मला तिसरीत बसवलं. माझ्या भल्यासाठीच, असं मास्तर वडिलांना म्हणाले. तुझेच शब्द. आणि तिसरीत कोण होतं ठाऊक आहे? तुझी आई. तिच्याच बाकावर मला जागा दिली. गुडघे बाकात मावत नव्हते. धाकटी बहीण भराभरा वाचायची आणि मी शेजारी. अकरा दिवस बसलो. बाराव्या दिवशी दप्तर घेऊन निघालो तो शाळेऐवजी छापखान्यात शिरलो आणि झाडू हातात घेतला. पुढे खिळे ओळखता ओळखता वाचायला लागलो. तिथे खिळ्यांवर सगळीच अक्षरं उलटी, त्यामुळे नवा माणूस कोणीही असो, पहिल्या दिवशी माझ्याइतकाच अडाणी. त्याचं फार बरं वाटायचं.

पोटापाण्याचं वाईट झालं नाही माझं. पण शाळेवरून जायची वेळ आली की मी अजून पलीकडचा फुटपाथ धरतो. या वयात! आणि तुझ्या आईशी त्या अकरा दिवसांबद्दल आजवर अवाक्षर बोललो नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार माझ्यामुळे.

तुझी मुलगी खाली गेली की ती चौथीत बसणार नाही, घरी बसेल. तिच्याकडे जा. पुस्तक नेऊ नकोस. दिवसभर ती काय वाचते ते बघून ये. कोणीही काही ना काही वाचतंच.

तुझा मामा

८ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून मी कितीतरी वेळ जिन्यात बसून होते. "तुला काय कळणार" असं मी तुला लिहिलं, माझं मलाच थोबाडात मारून घ्यावंसं वाटलं. माफ कर. आईला दाखवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. घर म्हणजे पुढे इस्त्रीचं दुकान आणि मागे एक खोली. आई इस्त्री मारते, ही गठ्ठे बांधते. मला बघून ही कपड्यांच्या ढिगाऱ्याआड गेली. तिची आई इस्त्री खाली न ठेवता म्हणाली, "बाई, खाली बसवणार असाल तर ती इथेच बरी. इथे तिला कोणी हसत नाही." मी स्टुलावर बसले.

आणि मग बघितलं. प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी टाचलेली. "नर्सबाई, साडी २". "गार्डकाका, शर्ट ४". "वरचे आजोबा, शर्ट १, बटण नाही". अक्षर तिचं! मी विचारलं, "हे काय लिहिलंयस?"

"शर्ट."

"यात र कुठाय?"

तिने ट च्या डोक्यावर बोट ठेवलं. माझ्याकडे असं बघितलं की बाईंना एवढंही येत नाही.

"आणि बोलतेस कधी?"

ती स्वतःशीच पुटपुटली, शर्... ट. "ट च्या आधी." मी एक चिठ्ठी उलटी करून तिच्यावर "पर्वत" लिहिलं. तिने बराच वेळ बघितलं, बोट व च्या डोक्यावर नेलं, तिथून मागे आणलं. "पर्... वत. पर्वत!" नंतर सूर्य. नंतर वर्ग. मामा, तो वर्ग मी तुझ्यासाठी लिहिला.

"अगं, तुला वाचता येतंय की! मग शाळेत का नाही?" तर म्हणते, "ते वाचन थोडंच आहे बाई. ते काम आहे."

मी तिला सांगितलं की बदकाचं पुस्तक ही माझी चूक होती. तिला त्याची फारच गंमत वाटली. बाई चुकतात आणि वर सांगतात, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. सोमवारी ती शाळेत आली.

मग मी अख्ख्या वर्गाला एकच काम दिलं : तुम्हाला जे येतं आणि बाईंना येत नाही ते लिहा, असं लिहा की वाचून बाईंना जमलं पाहिजे. कोणी पंक्चर काढायचं लिहिलं, कोणी भावाला झोपवायचं. तिने लिहिलं, "शर्टाला इस्त्री". आधी कॉलर आतून, मग बाहेरून, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी. मी टेबलावर चादर घालून वर्गासमोर शर्ट घेतला आणि लिहिलंय तस्सं केलं. शर्ट चुरगळलेला तो चुरगळलेलाच. वर्ग खदखदून हसला, पण या वेळी मला. ती उठून म्हणाली, "बाई, पाणी नाही शिंपडलंत!" मी म्हटलं, "कुठे लिहिलंय?" तिने कागद वाचला. मोठ्याने, सगळ्यांसमोर, सगळाच्या सगळा. खरंच पाण्याची ओळ राहिली होती. तिने ती मध्ये घुसवली आणि खाली "कडा जळू नये म्हणून काय करावे" असा आणखी एक परिच्छेद जोडला.

वेग मात्र अजून पस्तिशीच्या आसपास आहे. परीक्षा तीन आठवड्यांवर आली. झोप लागत नाही.

तुझी,
भाची

१३ सप्टेंबर

चि. बाईसाहेब,

माफी कसली मागतेस, खुळी कुठली. घड्याळजी विचारतो, पत्र वाचताना तुम्ही हसता का रडता? म्हटलं, तू तुझी घड्याळं बघ.

वेगासाठी तिला पळवू नकोस. पळवलीस की ती दिसेल ते सोडून वाटेल ते वाचायला लागेल. परीक्षेच्या दिवशी तिच्या शेजारी उभी राहा, एवढं पुरे. आणि "कडा जळू नये म्हणून" या परिच्छेदाची नक्कल मला पाठव. माझ्या दोन सदऱ्यांना त्याची फार गरज आहे.

मामा

१ ऑक्टोबर

प्रिय मामा,

काल परीक्षा झाली. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तू शेवटची ओळ आधी वाचशील.

मोठ्या बाई मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवून बसल्या होत्या. उतारा एका टपालवाल्याचा. हिचा नंबर एकविसावा. सुरुवात केली तेव्हा आवाज इतका बारीक की मोठ्या बाई पुढे वाकल्या. पण घसरली नाही, मामा. "वार्ता" आलं, नीट वाचलं. "दीर्घ" आलं, थांबली, वाचलं. मिनिट झालं. मोठ्या बाईंनी पेन्सिलीने खूण केली. अडतीस. "बस, बाळ," त्या म्हणाल्या.

ती बसलीच नाही. वाचतच राहिली. शेवटी टपालवाला वस्तीवर पोचतो, त्याचे बूट धुळीने माखलेले असतात, तिथपर्यंत गेली, अडखळली, बोट दोन ओळी मागे नेलं आणि म्हणाली, "बाई, हे चुकलंय."

मला वाटलं, हिचंच काहीतरी चुकलं. मी मान खाली घातली.

"इथे लिहिलंय, टपालवाला तळ्यामार्गे वस्तीवर गेला. तळ्यामार्गे म्हणजे तळ्यातून ना? मग बुटांवर धूळ कशी? ओले व्हायला पाहिजेत."

मोठ्या बाईंनी चष्मा लावला, कागद जवळ घेतला, लांब धरला. खरंच "तळ्यामार्गे" छापलं होतं! हवं होतं "तळ्यामागे". रफाराचा तो दाणा फुकटचा डोक्यावर. सहा वर्षं तोच कागद चालू आहे. हिच्या आधीची वीस मुलं, मी, मोठ्या बाई, सगळे "तळ्यामागे" वाचत आलो, कारण तसंच असणार हे आम्ही गृहीतच धरलं होतं. मोठ्या बाईंनी कागद टेबलावर ठेवला. मग पेन्सिल तिच्याकडे सरकवली. "तूच खोड." तिने तो रफार खोडला, अगदी जपून, चिठ्ठी टाचते तसा.

मग त्या मला म्हणाल्या, "साठला बावीस कमी आहेत. नियम मी बदलणार नाही. मार्चमध्ये पुन्हा घेईन. तोवर राहू दे तिला सहावीत." आणि दारातून परत येऊन म्हणाल्या, "हे उरलेले कागदही तिच्याकडून तपासून घ्या हो." मी मान डोलावली. ती मुलगी मात्र थेट मागच्या बाकाकडे गेली आणि त्या बदकवाल्याला म्हणाली, "तू पण चुकीचं वाचलंस." बस्स, एवढंच. तो बिचारा अजून कागद शोधतोय.

आता एक कबुली. घरी आल्यावर माझ्याने राहवेना, मी आईला तुझं पत्र दाखवलं. तू नको म्हणाला होतास, तरी दाखवलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने पत्र सावकाश वाचलं, मग एक टॉवेल तीनदा घडी करून तीनदा मोडला. मी विचारलं, "तुला लाज वाटली होती का गं?"

"लाज?" ती म्हणाली. "मला केवढा तोरा होता! माझा दादा माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. आणि एक दिवस तो आलाच नाही. मला वाटलं, माझंच काही चुकलं. मी भरभर वाचते म्हणून गेला. मग मी हळू वाचायला लागले. आणि वर्ष संपेपर्यंत बाकाच्या कडेलाच बसायचे. बाई ओरडायच्या, मध्ये सरक, पडशील. मी म्हणायचे, नाही, इथे दादा बसतो."

मामा, हे तिने तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विषय काढत नव्हतास. तू काढला नाहीस, कारण ती बोलत नव्हती. धन्य आहात दोघं!

मुलं वर्गाचं भित्तिपत्रक काढताहेत. तपासणीस कोण हे सांगायला नको. तिला खिळ्यांबद्दल तुला विचारायचंय. सतरा प्रश्न लिहून काढलेत, सगळे माझ्याकडे आहेत. येशील का? शाळेत यायचं म्हणजे आत यायचं, पलीकडच्या फुटपाथवरून नाही.

तुझी,
भाची

५ ऑक्टोबर

चि. बाळ,

पत्र आलं त्याला दोन दिवस झाले. चार वेळा उत्तर लिहायला बसलो आणि चारदा उठलो. आयुष्यभर मला वाटत राहिलं की त्या बाकावर तिला माझी लाज वाटली असेल. म्हणून मी तिच्या लग्नात कोपऱ्यात उभा राहिलो, तुझ्या बारशाला उशिरा आलो, आणि तुझा अभ्यास घ्यायला तिने बोलावलं तेव्हा कामाचं निमित्त सांगितलं. केवढा गाढव मी! पोरगी जागा धरून बसली होती आणि मी जगभराच्या चुका शोधत हिंडत होतो.

सोमवारी सकाळच्या गाडीने येतोय. सतरा प्रश्नांची उत्तरं देईन, ठाऊक नसेल तिथे ठाऊक नाही म्हणेन. माझ्यासाठी खुर्ची नको, हारतुरे नकोत. सहावीचा एक बाक मोकळा ठेव. आईलाही वर्गात घेऊन ये, गुडघा दुखत असला तरी आण.

आणि तिला सांग, दादा येतोय. सरकून बस म्हणावं.

मामा